वायरीतली काळी गाठ

चैत्र निम्मा सरला की आमच्या केजच्या गल्लीत टँकर येतो, आणि टँकर आला की माझ्या रेडिओला खरखर लागते. दोन्हींचा संबंध साधा आहे. टँकरचं पाणी खालच्या हौदात पडतं, ते गच्चीवर चढवायला शेजारी मोटार सुरू करतात, आणि त्यांची ती स्वस्तातली मोटार सुरू झाली की माझ्या रेडिओवर गाणारा माणूस कढईत पडल्यासारखा तडतडायला लागतो. बायको म्हणते, बंद करा तो डबा, मोबाइलवर ऐका. मी बंद करत नाही. मोटार थांबेपर्यंत ती खरखर बसून ऐकतो. शिसारी येते, तरी ऐकतो. एका उन्हाळ्यात मी हाच आवाज रोज सकाळी बटण फिरवून बंद करत होतो, आणि त्याचं फळ दुसऱ्याच कुणाला भोगावं लागलं.

तो उन्हाळा घाटनांदूरकडच्या आमच्या गावातला. दोन पावसाळे नुसते तोंड दाखवून गेले होते. त्या उन्हाळ्याचा म्हणून एक वास आहे, तो अजून माझ्या नाकातून जात नाही. आंबलेलं दूध, कॅन धुवायचा सोडा, तापलेला पत्रा आणि उसाच्या शेंड्यांचं सुकत चाललेलं वाडं. ऊस तोडायला गेलेल्या टोळ्या परत येताना गाड्यांवर वाडं घेऊन यायच्या आणि गावातल्या म्हशी तेवढ्यावर तगायच्या. ज्वारी गेली होती, कापूस गेला होता. गाव उभं होतं ते दुधावर. म्हणून दूध संस्थेला त्या वर्षी देवळापेक्षा जास्त मान होता, आणि संस्थेचे चेअरमन, ज्यांना सगळं गाव नाना म्हणायचं, ते दुष्काळातही रोज कडक इस्त्रीचं धोतर नेसून यायचे. ते धोतर धुवायला किती पाणी लागत असेल, असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

मी अंबाजोगाईच्या कॉलेजातून बी.एस्सी. करून आलो होतो. नोकरी नव्हती. नानांनी मला संस्थेत दूध तपासायला बसवलं. आधी ही तपासणी जुन्या पद्धतीनं व्हायची. काचेच्या नळीत दूध आणि तेजाब घालायचं, हाताच्या फिरकीत नळ्या गरगर फिरवायच्या आणि वर तरंगलेली फॅट मोजायची. वेळ लागायचा, बोटं भाजायची. मग परदेशी बनावटीचं एक मशीन आलं. नानांनी नारळ फोडला, मशीनच्या कपाळावर हळदकुंकू लावलं. चमचाभर दूध घातलं की तांबड्या आकड्यांत फॅट दिसायची. फिरकी, नळ्या सगळं कपाटात गेलं आणि कपाटाची किल्ली माझ्या करगोट्याला आली.

मशीनसोबत एक जाड पुस्तक होतं. नाना म्हणाले, "दत्ता, तुझं इंग्रजी हाय. तू वाच." मी पहिली चार पानं वाचली. चालू कसं करायचं, धुवायचं कसं. पुढे दहा-बारा भाषांत तेच तेच असणार असं धरून मी पुस्तक कपाटावर टाकलं. मशीनच्या वायरीचा प्लग आपल्याकडच्या खोबणीत बसत नव्हता, तो बदलला. त्या वायरीला मशीनच्या अंगाला एक काळी, टणक गाठ होती, आवळ्याएवढी. ती सारखी टेबलाच्या फटीत अडकायची. मी गाठीसकट तेवढा तुकडा कापून टाकला, दोन्ही टोकं जोडली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. नाना बघत होते. म्हणाले, "पोरगं हुशार हाय." मला बरं वाटलं. ते बरं वाटणं आठवलं की आज तोंड कडू होतं.

सकाळी लाईट नसायची. साडेसातच्या आसपास यायची. तोवर मशीन बॅटरीवर चालायचं. गावातल्या लोकांचं दूध तेवढ्यात उरकायचं. टेबलावर माझा रेडिओ असायचा, त्यावर अभंग लागलेले असायचे. मग लाईट यायची, शेजारच्या खोलीतलं दूध थंड करायचं मोठं यंत्र धाडकन सुरू व्हायचं आणि रेडिओ खरखरायला लागायचा. मी रेडिओ बंद करायचो. बॅटरी जपून वापरा असा नानांचा हुकूम होता, म्हणून मशीन लाईटवर घ्यायचो आणि राहिलेलं दूध तपासायला लागायचो. रोज, न चुकता, याच क्रमानं.

राहिलेलं दूध म्हणजे बरड वस्तीचं. ही वस्ती गावापासून कोसभर लांब. तिथल्या आडात दिवस उगवताना टँकर रिकामा व्हायचा. पोहरा सोडून पाणी शेंदायचं, घागरी घरी टाकायच्या आणि मग दुधाची किटली घेऊन गावाकडे यायचं, असा वस्तीतल्या बायांचा नेम. त्यामुळे त्या यायच्या तेव्हा लाईट आलेली असायची.

त्यात कौसाबाई होती. चाळिशीची असेल, उंच, हाडापेरानं मजबूत. नवरा टोळीबरोबर उसाला गेला की ही मागे राहायची, का तर म्हैस गाभण आहे, म्हैस व्यायली आहे, म्हैस आटेल. वस्तीवरच्या बाया तिला चिडवायच्या, नवरा जाऊ दे, पण म्हशीला सोडवत न्हाई हिला. ती हसायची. तिच्या दुधाला जुन्या नळीवर गावात सगळ्यात जास्त फॅट लागायची. संस्थेच्या पायरीवर बसून ती हे सगळ्यांना ऐकवायची. त्या दुष्काळात तिच्याकडे मिरवायला तेवढंच होतं.

पहिल्यांदा तिच्या दुधाचा आकडा निम्म्यानं उतरला तेव्हा मी म्हणालो, "मावशी, आज जरा पातळ हाय." ती म्हणाली, "तुझं मशीन झोपंत हाय अजून." आणि गेली. दुसऱ्या वेळी हसली नाही. वस्तीतल्या बाकीच्यांचंही अधूनमधून तसंच निघत होतं, पण कौसाबाईचं उतरलेलं लोकांच्या डोळ्यांत जास्त भरलं. रांगेत मागे राहिलेला कुणीतरी बोलला, "टँकर येऊन गेल्यावरच दूध कसं पातळ व्हतंय बे?" बस. त्या एका वाक्यात गावाचा न्याय झाला. टँकर आधी, दूध नंतर, म्हणजे पाणी कुठे गेलं ते शेंबड्यालाही कळावं. मलाही तेच कळलं. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेला माणूस, मला त्याच्या पलीकडचं काही दिसलं नाही. मशीन कधी आकडा वरही दाखवत असेल. वर गेलेला आकडा कोण कशाला परत बघतो?

तीनदा पातळ निघालं की नाव दाराजवळच्या काळ्या फळ्यावर लिहायचं आणि दूध बंद करायचं, असा संस्थेचा ठराव होता. वर मथळा 'भेसळ'. तिसऱ्या दिवशी कौसाबाई किटली टेबलावर ठेवून तशीच उभी राहिली.

"दत्ता, एका घागरीसाठी मी आडावर तासभर उभी ऱ्हाते. ती घागर मी दुधात वतीन व्हय?"

मी आकड्याकडे बोट केलं.

"त्ये न्हाई. ती जुनी फिरकी काढ. तिच्यावर बघ. तिच्यावर पातळ निघालं तर मी सोता माझं नाव लिवायला सांगते."

किल्ली माझ्या कमरेला होती. कपाट चार पावलांवर होतं. मी नानांकडे बघितलं. नाना खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. म्हणाले, "एकीसाठी काढली तर उद्या समदे म्हनतील आमच्यासाठी बी काढा. मग मशीनचा मान काय ऱ्हायला?" मी कौसाबाईला म्हणालो, "मावशी, मशीन खोटं बोलत न्हाई." हे माझं वाक्य. दुसऱ्या कुणाचं नाही. मग मी खडू घेतला आणि फळ्यावर तिचं नाव लिहिलं. माझं अक्षर तेव्हा चांगलं होतं.

पंधरा दिवसांनी तिचा नवरा टोळीतून परत आला. डोक्यावर वाड्याची पेंढी घेऊन संस्थेपुढे थांबला. त्याला वाचता येत नव्हतं, पण फळ्यावर काहीतरी आहे हे त्याला कुणीतरी सांगितलं असावं. त्यानं मला विचारलं, "काय लिवलंय वं?" मी म्हणालो, दूध बंद असलेल्यांची नावं आहेत. "कावून बंद?" मी चमचा धुवायला घेतला. तो धुतलेलाच होता. तो पेंढी सावरून वस्तीकडे गेला.

आज विचार करतो तर मला नानांची जेवढी किळस येते त्याहून जास्त त्या धुतलेल्या चमच्याची येते. नाना जे होते ते उघड होते. मी मात्र स्वतःला शिकलेला आणि सरळ समजत होतो.

मग नानांच्या मुलाची हळद आली. दुष्काळ असला तरी हळद दणक्यात होती, मांडवात पाण्याचे दोन टँकर वेगळे उभे होते. त्या धांदलीत नानांच्या घरचं दूध यायला उशीर झाला. गडी किटली घेऊन आला तेव्हा लाईट आलेली, यंत्र धडधडत होतं, रेडिओ मी नुकताच बंद केला होता. चमचा घातला. आकडा कौसाबाईच्याही खाली.

मी परत घातला. परत तेच. रांगेतल्या चौघांपैकी कुणीच म्हटलं नाही की नानांच्या मांडवात दोन टँकर उभे आहेत. नाना दुपारी आले, आकडा बघितला आणि जराही न चाचरता म्हणाले, "मशीन बिघडलंय. मेस्त्री बोलव."

तीच खोली, तेच टेबल, तेच मशीन. कौसाबाईचं पातळ निघालं तेव्हा दूध वाईट होतं, नानांचं निघालं तेव्हा मशीन वाईट झालं. मी सायकल काढली आणि मेस्त्रीला फोन करायला घाटनांदूरला गेलो.

दुसऱ्या दिवशी लातूरहून मेस्त्री आला. वयस्क, जाड भिंगाचा, बाबूमियाँ नावाचा. त्यानं मशीनला आधी हातच लावला नाही. मला म्हणाला, "रेडिओ लाव." लावला. मग दूध थंड करायचं यंत्र सुरू करायला सांगितलं. खरखर सुरू झाली. आता मशीनमध्ये दूध घाल. घातलं. आकडा खाली. यंत्र बंद कर. खरखर थांबली. परत घाल. आकडा वर, जिथे असायला हवा तिथे. दोन मिनिटांत त्यानं सगळा उन्हाळा माझ्यापुढे मांडला. रेडिओ मला रोज सांगत होता आणि मी रोज त्याचं तोंड बंद करत होतो.

त्यानं थंड करायच्या यंत्राची पेटी उघडली. आत एका जागी दोन भोकं होती, खाली काहीतरी छापलेलं, आणि जागा रिकामी. म्हणाला, "हितं एक डबी बसती. मोटारीची घाण वायरीत आन हवेत जाऊ देत न्हाई ती."

"मग बसवली कावून न्हाई?"

"ती भाईर देशी जानाऱ्या मालाला बसवत्यात. तिकडं कायदा हाय. हिकडं कोन इचारतंय?"

मग त्यानं मशीनची वायर हातात घेतली, चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. "हिला भाईरची घाण आडवायला एक काळी गाठ असती. ती कुटं गेली?" खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "अशीच आलती." त्यानं पट्टी परत नीट दाबली.

तो गेल्यावर मी कपाटावरचं पुस्तक काढलं आणि भर दुपारी उपड्या कॅनवर बसून शेवटपर्यंत वाचलं. शेवटच्या पानांवर देशांची नावं होती. विजेची उपकरणं किती खरखर करू शकतात, आणि दुसऱ्याची किती सोसू शकली पाहिजेत, यावर त्या देशांनी आपापले वेगवेगळे कायदे एकमेकांशी जुळवून घेतले होते. आधी प्रत्येकाचं माप वेगळं, त्यामुळे एका देशात चालणारा माल दुसऱ्याच्या सीमेवर अडायचा. मग त्यांनी बसून माप एक केलं. हे मशीन त्या मापात बसतं, असं खाली कुणाच्या तरी सहीनं लिहिलं होतं. आणि बारीक अक्षरांत एक अट होती, की सोबत दिलेलीच वायर वापरावी, तिच्यात फेरफार करू नये.

एकमेकांशी पिढ्यान्‌पिढ्या लढलेले देश, भाषा वेगळ्या, आणि हे लोक एका टेबलाशी बसून ठरवतात की याच्या मोटारीनं त्याच्या रेडिओला किती छळावं. प्रेमापोटी नाही, माल खपावा म्हणून. तरी ठरवतात. आमच्या संस्थेत एकाच टेबलावर दोन कायदे चालायचे. एक लाईट यायच्या आधीचा, एक नंतरचा. एक नानांचा, एक बरड वस्तीचा. आणि ते जुळवायला एक आवळ्याएवढी गाठ पुरली असती, किंवा चार पावलांवरच्या कपाटाची किल्ली. आपल्याकडे असं काही बंधन असल्याचं तेव्हा मला तरी कुणी सांगितलं नव्हतं. पण ती नुसती सबब झाली. कपाट उघडायला कोणता कायदा आडवा येत होता?

ठरलं असं की लाईट आली तरी दूध संपेपर्यंत मशीन बॅटरीवरच ठेवायचं. दुपारी संस्थेत कुणी नसताना नानांनी मला फळा पुसायला लावला. ओल्या फडक्यानं पुसला. कौसाबाईला निरोप गेला की दूध घेऊन ये. ती आली, रिकाम्या हातानं. नाना म्हणाले, "झालं गेलं. नाव पुसलंय."

ती फळ्याकडे बघत म्हणाली, "लिवताना समद्या गावानं वाचलं. पुसताना कोनी बघितलं?"

"मग काय आता भोंग्यावर सांगू?"

"सांगा की. देवळावर भोंगा हाय."

नाना हसले. तिनं माझ्याकडे बघितलं. मला ते बघणं अजून चुकवता आलेलं नाही. तिला सगळं माहीत नव्हतं. तिला एवढंच पाहिजे होतं की ज्यानं मशीन खोटं बोलत नाही म्हटलं, त्यानं आता चारचौघांत म्हणावं की बोललं. भोंगा देवळावर होता, देवळाला कुलूप नव्हतं, आणि चालवायला मला येत होता. पण तिथे बोलायला लागलो असतो तर वायरीपर्यंत यावं लागलं असतं, आणि मला गावात हुशार पोरगं राहायचं होतं. मी मान खाली घातली. ती गेली आणि तिनं संस्थेची पायरी परत कधी चढली नाही. घरीच खवा आटवायची आणि अंबाजोगाईच्या बाजारात नेऊन विकायची. गावात मात्र टँकरचं दूध म्हटलं की कुणीतरी अजून वस्तीचं नाव घ्यायचं. फळा पुसला तरी बोलणं चालूच राहिलं.

पुढे मला केजच्या एका शाळेत प्रयोगशाळेत नोकरी लागली. पोरांना तारा जोडून दाखवायचो. वायरीवर अशी गाठ दिसली की मुठीत धरून बसायचो. आता तर ती सगळीकडे दिसते, संगणकाच्या वायरीला, पडद्याच्या वायरीला. लोकांना ती काय आहे हे माहीतही नसतं, आणि कापायचं त्यांच्या मनातही येत नाही. अशिक्षित असतो तर कदाचित मीही कापली नसती.

यंदा टँकर आला, शेजारची मोटार लागली आणि रेडिओ खरखरला, तेव्हा मी उठलो आणि जीप पकडली. अंबाजोगाईला उतरून दुसरी. दूध संस्था कधीच बंद पडली आहे. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे आणि काळ्या फळ्यावर रिचार्जचे दर लिहिले आहेत. नाना जाऊन वर्षं झाली. कोसभर चालत बरड वस्तीवर गेलो. कौसाबाई दारात बसली होती. उंच बाई वाकून गेली होती. अंगणात म्हैस होती, पुढ्यात वाडं होतं. मी नाव सांगितलं. म्हणाली, "वळखलं. बस."

मी सगळं सांगितलं. काळी गाठ, कापलेला तुकडा, चिकटपट्टी, मेस्त्रीशी खोटं बोललो ते, आणि कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती ते. ते देश आणि त्यांचा जुळवलेला कायदाही सांगितला. कशाला सांगितला कुणास ठाऊक, तेवढ्यानं माझा गुन्हा जरा मोठ्या जगात जाऊन लहान होईल असं वाटलं असावं.

"म्हंजे त्या मुलखातल्या बायांचं दूध बराबर निघतं?"

"निघत असंल, मावशी."

"चांगलं हाय," ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

बऱ्याच वेळानं ती चहा घेऊन आली. कपात कोरा चहा होता, काळा, गुळाचा. मी नकळत म्हशीकडे बघितलं. तिच्या ते ध्यानात आलं.

"दूध हाय घरात," ती म्हणाली. "पर गावातलं कोनी आलं तर मी चहात घालत न्हाई. त्या सालापासनं न्हाई घातलं. पातळ हाय म्हनलं कोनी तर?"

मी म्हणालो, घाल, मावशी. तिनं माझ्याकडे बघितलं, मग अंगणातल्या म्हशीकडे. म्हणाली, "पी, गार व्हईल." मी प्यालो.